मळणीच्या बैलाचं मुसकं

हार्वेस्टच्या सणाला आमच्या चर्चच्या आवारात लिलाव होतो. उपासना संपली की वेदीपुढे ठेवलेली ज्वारीची पोती, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या बाहेर येतात, आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा तो बोली पुकारायला उभा राहतो. एका वर्षी एक लिंबू ५,१०० रुपयांना गेलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्यासुद्धा पडल्या. मी तेव्हा मंडळीचा (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा) खजिनदार होतो. वहीत नाव लिहिलं, रक्कम लिहिली, पुढे ‘येणे’ लिहिलं. लिंबू त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी सरबतात गेलं. पैसे यायला पुढचा हार्वेस्ट उजाडला, तेही दोन हप्त्यांत.

त्या दिवशी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, कडेला उभे राहून बोली ऐकत होते, सगळ्यांबरोबर हसत होते. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. आवारातल्या दोन-अडीचशे माणसांपैकी फार तर पाच जणांना हे माहीत होतं. त्या पाचांतला एक मी.

मंडळीच्या अडचणींचा विषय निघाला की आपली गाडी ठरलेल्या दोन स्टेशनांवर थांबते. बाहेरून होणारा विरोध, आणि चर्चकडे पाठ फिरवणारी तरुण मुलं. विरोध खोटा आहे असं कोण म्हणेल? कुणीतरी तक्रार करतं, घरातली प्रार्थनासभा थांबते, आणि पाळक पोलीस स्टेशनच्या बाकावर जबाब द्यायला बसून राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती भरले सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्याशा समाजाला भीती वाटली तर नवल नाही. तरुण येत नाहीत हेही खरंच. पण या दोन्ही गोष्टींवर तासन्‌तास बोलताना आपण एक वही कधी उघडत नाही. माझ्या मते रोजचं दुखणं त्या वहीत आहे. जी मंडळी आपल्या पाळकाला काय देते आणि कुठून देते हे रविवारी सगळ्यांसमोर सांगू शकत नाही, तिच्या पाळकालाही तिला खरं सांगता येत नाही. आणि जिथे खरं बोललं जात नाही, तिथे मुलं सकाळची झोप मोडून कशाला येतील?

पाळकाला आठवड्यात एकच दिवस काम, असं माझे मेहुणे चेष्टेनं म्हणतात. त्यांना एकदा आमच्या पाळकांच्या मोटरसायकलवर मागे बसवायला हवं होतं. मुख्य मंडळी तालुक्याच्या गावी आणि भोवती पाच खेडी. सकाळची उपासना इथे, दुपारची १८ किलोमीटरवर, संध्याकाळी तिसरीकडे कुणाच्या ओसरीवर. प्रवासभत्त्याची रक्कम पेट्रोल सत्तर रुपये लिटर असताना ठरली होती. रात्री अडीचला फोन येतो: सिव्हिलमध्ये म्हातारी गेली, सकाळी माती द्यायचीय, कबरस्तानात जागा बघा. जागा नसते. मग कोणत्या घराण्याच्या जुन्या कबरीवर दुसरी घ्यायची यावरून दोन भावकींत लागते, आणि मधे पाळक. नवरा-बायकोची भांडणं, शाळेच्या ॲडमिशनसाठी चिठ्ठी, पतपेढीच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ. जामीन राहिला तर बुडतो, नाही म्हणाला तर ‘साहेबांना गरिबांची कदर नाही’.

पाळकबाईंचं तर बोलायलाच नको. महिला मंडळाच्या अध्यक्ष त्याच, संडे स्कूल त्यांच्याच माथी, बाहेरगावचा पाहुणा आला की चहा-नाश्ता त्यांच्याच चुलीवर. एका पगारात दोन माणसं, आणि दुसऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही. पंडिता रमाबाईंचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या, मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या, ते आपल्याच छापखान्यात आश्रमातल्या बायकांच्या हातून छापून घेणाऱ्या रमाबाई. त्या फोटोखाली बसून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीनं एकदा ठराव केला की नाताळच्या जेवणाचं ‘पाळकबाई बघतील’. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मीही नाही.

आमच्याकडच्या मंडळीचं आणखी एक गणित आहे, ते शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण नगरचंच) नि शेजारच्या बीडमध्ये दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो, कोयता-भांडी-लेकरं त्यात चढतात. गळीत हंगाम संपेपर्यंत खेड्यातल्या मंडळीत उरतात म्हातारी माणसं. आणि नाताळ नेमका त्याच दिवसांत. ज्या सणाला शहरातल्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, त्या सणाला आमच्या एका खेड्यात अकरा माणसं होती, त्यातली चार पाळकांच्या घरची. दानार्पणाच्या थैलीत त्या दिवशी काय पडलं असेल ते सांगायला खजिनदाराची गरज नाही. तरी वार्षिक अहवालात त्या गावापुढे ‘दान कमी, उदासीनता’ असा शेरा पडतो. ही उदासीनता कारखान्याच्या फडात कोयता चालवत असते.

ही पैशांची कुचंबणा आली कुठून, यासाठी थोडं मागे जावं लागेल. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, चर्च उभी राहिली आणि त्यांचा खर्च परदेशातून येत राहिला. पगार मिशनचा, बंगला मिशनचा, शिक्षक-पाळक-बायबलबाई सगळे मिशनचे. त्याचा उपकार आहेच, माझ्या आजोबांची शाळा त्याच पैशांवर चालली. पण तीन-चार पिढ्या बाहेरून पैसा आला की मंडळीला एक सवय लागते. पैसा कुठून येतो हे विचारायचं नाही, तो कुठे जातो हेही विचारायचं नाही, आणि जे आहे ते ‘संस्थेचं’ आहे म्हणून त्यातून आपल्याला काय मिळेल तेवढं बघायचं.

हे कवी नारायण वामन टिळकांना फार आधी उमगलं होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसानं १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचा भक्त राहायचं, पण मिशनच्या पगारपत्रकावर राहायचं नाही, असा तो पवित्रा होता. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबाराची कल्पना त्यांच्यामागे फार चालली नाही. आपण त्यांची भजनं ठेवली. दर रविवारी पेटी-तबल्यावर डोळे मिटून म्हणतो. त्यांनी पगार का सोडला हे मात्र संडे स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मोठी गोष्ट होती ती. पण लोक एकत्र आले त्याच्या कितीतरी हळू कागद एकत्र आले, आणि काही ठिकाणी आलेच नाहीत. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या या चर्चमधल्या विलीनीकरणाचा आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला २०१३ साली. आमच्याकडेही जिल्ह्याच्या गावी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन बघावं. चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद), त्यावर हरकत, हरकतीवर अपील. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यात सगळं स्पष्ट आहे: हिशेब तपासून घ्या, विश्वस्त बदलले की कळवा, स्थावर विकायचं तर आयुक्तांची आधी परवानगी घ्या. तरी शहराच्या मधोमध असलेली मिशन कंपाउंडची जमीन दिसली की पंच कमिटीच्या निवडणुकीला साखर कारखान्याची कळा येते. पॅनेल, बॅनर, आदल्या रात्रीचं जेवण. निवडून आलेल्या कमिटीला पाळकाच्या पगारात रस कसा असेल? तिचं लक्ष सातबाऱ्यावर.

आणि आता बाहेरचा नळही आटला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेनं घेतलेली देणगी दुसरीला पुढे देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेच्या ओंजळीतून ज्या छोट्या कामांना पाणी मिळत होतं त्यांचं काय झालं असेल ते उघड आहे. या दुरुस्तीवर टीका करावी तेवढी थोडी, पण आपण शंभर वर्षं जे टाळलं ते तिनं आपल्या दारात आणून ठेवलं हेही मान्य करायला हवं. मंडळी आता मंडळीच्याच पैशांवर चालणार आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला गरीब मंडळ्यांचा. प्रत्येक मंडळीनं आपला पाळक आपण पोसायचा ठरवलं, तर मुंबई-पुण्याचे पाळक गाडीतून फिरतील आणि ऊसतोडवाल्यांच्या गावाला पाळकच मिळणार नाही. म्हणून अनेक ठिकाणी डायोसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग) सगळ्यांकडून वाटा घेतं आणि सर्वांना एका श्रेणीत पगार देतं. ही पद्धत मोडू नये असं माझं ठाम मत आहे. पण वाटा भरणाऱ्याला तो कुठे गेला हे दिसलं पाहिजे. शहरातल्या मंडळीला कळलं की आपल्या पैशांतून अमुक खेड्यातल्या पाळकाचं पेट्रोल भागतं, तर ती वाटा बुडवताना दहादा विचार करेल. आज तिला वाटतं, पैसे ‘वर’ गेले. वर गेलेल्या पैशांबद्दल माणसाला माया नसते.

दुसरा आक्षेप आमच्या आधीच्या एका पाळकांनीच माझ्यापुढे ठेवला होता. ते म्हणाले, “खजिनदार, मंडळी मला पगार द्यायला लागली की मी मंडळीचा नोकर. मग ज्याचं पाकीट मोठं त्याच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त माझ्या उपासनेपेक्षा मोठा.” खरं होतं त्यांचं. पण मी त्यांना विचारलं, आता काय वेगळं आहे साहेब? पगार थकतो तेव्हा तुम्ही किराणा कुणाकडून उधार आणता? दोघांनाही उत्तर माहीत होतं. ते दुकान आमच्या चेअरमनच्या भावाचं. त्या वर्षी पंच कमिटीच्या जमीन-व्यवहारावर मंडळीत कुजबुज होती आणि पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, त्यावर एक शब्द आला नाही. चार रविवार नोहाच्या तारवावर प्रवचनं झाली. माणूस चांगला होता, अभ्यासू होता. त्याला मुसकं आम्ही बांधलं होतं.

बैल मळणी करत असता त्याला मुसके बांधू नको, हे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन शेतकरी घरातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असतं. प्रेषित पौल ते करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घेतो आणि सांगतो की देवाला इथे बैलाची काळजी नाही, सुवार्तेचं काम करणाऱ्याच्या पोटाची आहे. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, हा हक्क मी मात्र वापरला नाही. तंबू शिवून पोट भरणारा पौल आम्हाला फार आवडतो. पाळकानं पगारवाढीचा अर्ज दिला की कुणीतरी हमखास त्या तंबूंची आठवण काढतं. पण पौलानं सोडला तो आपला स्वतःचा हक्क. दुसऱ्याचा हक्क त्याच्या वतीनं सोडायला त्यानं करिंथकरांना सांगितलेलं नाही. आणि दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायातला पौल तर आमच्या कमिटीला ठाऊकच नसावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत घेऊन जाताना तो मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ मुद्दाम बरोबर घेतो, का तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. पैसे एकट्यानं न्यायचे नाहीत, हे इतकं जुनं आहे.

वही उघडायच्या आड आणखी एक गोष्ट येते आणि तिथे माझा आवाज आपोआप खाली येतो. काही माणसं दान देतात पण पावती नको म्हणतात. “नाव नका लिहू, भाऊ.” सुरुवातीला मला वाटायचं हा डाव्या हाताला कळू न देण्याचा प्रकार. मग एकदा एकानं समजावून सांगितलं. मुलगा कॉलेजला आहे, जातीचा दाखला लागतो. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ च्या सूसै निकालात ते मान्य केलं, आणि २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्म्याच्या नोंदीसारख्या पुराव्यावरून दाखल्याची मागणी फेटाळली. २०२२ मध्ये हा प्रश्न माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या आयोगाकडे सोपवला गेला. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं पाण्यावरचा विटाळ काढून घेतला असं मी तरी पाहिलेलं नाही. पण कागदावर तो निघतो.

मग होतं असं: ज्याची पावती नाही त्याचं नाव सभासदांच्या यादीत नाही, नाव नाही म्हणून वार्षिक सभेत मत नाही. मंडळीतली सगळ्यात गरीब आणि बहुधा सगळ्यात नियमित माणसं हिशेबाबाहेर राहतात, आणि कारभार चार जुन्या, नोकरदार घराण्यांकडे जातो. बिननावाची रोख वाढली की वही धूसर होते. वही धूसर झाली की ती उघडायची भीती वाटते. यात दोष दान देणाऱ्याचा नाही आणि त्याला खोटा ख्रिस्ती म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मी त्या पैशांपुढे ‘गुप्तदान’ लिहायचो आणि थैली मोजताना कमिटीबाहेरच्या दोघांना बसवून सही घ्यायचो. नाव नसलं तरी रकमेला साक्षीदार हवा.

स्वतंत्र पास्टरांकडे लोक जातात म्हणून आमच्या जुन्या मंडळ्या फार चिडतात. शटरच्या गाळ्यात सभा, ड्रमसेट, मोठ्यानं प्रार्थना. तिथे तर हिशेबाचा प्रश्नच नाही: दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) पास्टरच्या हातात, गाळा पास्टरच्या नावावर, कधी ट्रस्टमध्ये बायको आणि मेहुणा. मला ते मुळीच पसंत नाही. पण माझी चुलती तिकडे का जाते हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो पोरगा तीनदा घरी आला. तुमच्या कमिटीतलं कोण आलं?” आमचे पाळक त्या आठवड्यात धर्मादाय कार्यालयाच्या तारखेला गेले होते. कमिटीनंच पाठवलं होतं.

वसईकडचे कॅथलिक मित्र म्हणतात, तुमचं सगळं अवघड. त्यांच्याकडे पॅरिशला, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला, अर्थसमिती असावी हे चर्चच्या कायद्यातच लिहिलंय, कलम ५३७. फादरला बायको-मुलं नाहीत, म्हणून निवृत्तीनंतर कुठे राहायचं ही धास्ती नाही. पण त्यांची समितीही सल्ल्यापुरती. आमच्याकडे उलट, मत द्यायचा हक्क आहे आणि माहिती नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला पाळक बंगल्याच्या गळक्या छताकडे बघत विचार करतो की यातून निघून जायचं कुठे. काही जण मग निघतच नाहीत आणि कोर्टात जातात. त्यांना लोभी म्हणण्याआधी त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत मंडळीनं काय भरलं ते बघावं.

पुण्यातल्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) ग्रीक शिकून आलेला तरुण पाळक पहिल्याच वर्षी चेंज रिपोर्टपुढे गोंधळतो. त्याला ते शिकवायला हवं की नको यावर दुमत असू शकतं. माझं मत: नको. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत पहिली कुरकुर झाली ती वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी पंक्तीची वाढपं आपल्याकडे घेतली नाहीत. मंडळीला सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. ज्यांना डावललं होतं त्यांच्या भाषेची नावं त्या सातांत दिसतात. आम्ही सात निवडतो आणि वाढपं तरी पाळकाकडेच सोपवतो.

खजिनदारकीच्या शेवटच्या वर्षी मी कमिटीचा विरोध पत्करून वर्षाचा हिशेब चर्चच्या दाराला लावला. टाइप केलेलं एक पान. पहिले तीन रविवार लोक चहा-बिस्किटांच्या खर्चावर भांडले. एकानं लाउडस्पीकरच्या दुरुस्तीची पावती मागितली, ती सापडली नाही, मी माफी मागितली. चौथ्या रविवारी साखर कारखान्यात पाळीवर असणारा एक तरुण, जो वर्षातून दोनदाच दिसायचा, बराच वेळ त्या पानासमोर उभा होता. त्यानं पाळकाच्या पगाराच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, “हा महिन्याचा आकडा आहे की आठवड्याचा?” महिन्याचा, म्हटलं. तो काही बोलला नाही. पुढच्या वार्षिक सभेला मात्र तो आला आणि शेवटच्या बाकावरून त्यानं पगाराचा विषय काढला. चेअरमननी वेळ संपल्याचं सांगितलं. त्यानं घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं बाकी होती.

त्याच पानाच्या खाली मी लिलावाच्या थकबाकीची यादी जोडली होती, नावांसकट. ती काढून टाका म्हणून सगळ्यात जास्त फोन आले ते त्या यादीसाठी. तिसऱ्या क्रमांकावर माझंच नाव होतं: दोन भोपळे, ७०० रुपये, येणे.